विहिरीतले चार आणे

आमच्या विहिरीत माझा वाटा किती, हे मला लेखी वाचायला मिळालं ते वडील गेल्यावर. वारसनोंदीचा फेरफार मंजूर झाला, नवा सात-बारा हातात आला आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात एवढंच होतं : सामाईक विहीर, हिस्सा चार आणे. भोगवटादाराच्या रकान्यात भावाच्या नावाखाली माझं नाव. माणदेशातल्या, आटपाडी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर एका लेकीचं नाव विहिरीच्या हिश्श्याला लागलं, याला मागे किती मोठा रस्ता होता, ते त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही. मी फक्त तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी पुण्यात एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. संघराज्यात सत्ता कशी वाटली जाते, हा दरवर्षीचा धडा. फळ्यावर मी तीन आकडे लिहिते : ९७, ६६, ४७. राज्यघटना लागू झाली तेव्हा सातव्या परिशिष्टात केंद्राच्या सूचीत ९७ विषय होते, राज्यांच्या सूचीत ६६ आणि दोघांच्या सामाईक सूचीत ४७. मुलं आकडे उतरवून घेतात. परीक्षेत अचूक लिहितात. पण मला ते आकडे लिहिताना दरवेळी आमची विहीर आठवते. सत्तेची वाटणी आणि सत्तेची वहिवाट यांत काय फरक असतो, हे मला पुस्तकांच्या आधी त्या विहिरीनं दाखवलं होतं.

विहीर आजोबांच्या वडिलांनी पाडलेली. चार भावांची वाटणी १९५८ साली स्टँप पेपरवर झाली, विहीर सोळा आणे, प्रत्येकाला चार आणे. तेव्हा मोट चालायची. प्रत्येकाची बैलजोडी वेगळी, नाडा वेगळा, आणि चार दिवसांनी एकदा पाळी यायची. ज्याचे बैल दमदार त्याचं रान जास्त भिजायचं, पण दिवस ज्याचा त्याचा होता. कुणाला कुणाकडं मागायला जावं लागत नव्हतं.

मग वीज आली. चार मोटरी बसवायची ऐपत कुणाचीच नव्हती. थोरल्या आजोबांनी कर्ज काढून एक मोटर घेतली. मीटर त्यांच्या नावावर, स्टार्टर त्यांच्या शेडमध्ये, शेडला कुलूप. स्टँप पेपरवरचा एक शब्दही बदलला नाही. चार आणे चार आणेच राहिले. पण आता माझ्या आजोबांची पाळी असली तरी सकाळी कुणाला तरी शेडची किल्ली आणायला जावं लागायचं. वडील सांगायचे, किल्ली कधी नाकारली गेली नाही. ‘चहा घे, बस, देतो की,’ असं म्हणत दहा वाजायचे. तोवर लाईट गेलेली असायची.

पुढं शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळू लागली, तेव्हा ‘दिवसाची पाळी’ या शब्दालाच अर्थ राहिला नाही. चुलते चिंचेखाली बसले, भांडले, दोन महिने बोलायचे बंद झाले, आणि शेवटी दिवसांऐवजी तासांची पाळी ठरली. ती कुठंच लिहिलेली नाही. आजही नाही.

राज्यघटनेच्या तीन सूच्यांचंही मला असंच दिसतं. ही वाटणीसुद्धा कोऱ्या कागदावर झालेली नव्हती. १९३५ च्या कायद्यातच इंग्रजांनी केंद्र, प्रांत आणि सामाईक अशा तीन याद्या केल्या होत्या. त्याआधी १९१९ च्या सुधारणांत शिक्षण, आरोग्य, शेती अशी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडं दिली आणि तिजोरी व पोलीस गव्हर्नरनं स्वतःकडं ठेवले. काम तुमचं, किल्ली आमची. ही रीत फार जुनी आहे.

घटना लिहिली जात होती तेव्हा फाळणी झालेली, धान्य नाही, संस्थानं अजून पुरती विलीन झालेली नाहीत. केंद्र बळकट ठेवण्यामागची ती भीती खरी होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘युनियन’ हा शब्द का वापरला ते स्पष्ट केलं : हे संघराज्य घटकांनी आपसात करार करून जमवलेलं नाही, म्हणून त्यातून कुणाला बाहेर पडता येणार नाही. त्याच भाषणात खेड्यांविषयीही ते फार कठोर बोलले. घटनेचा पाया त्यांनी गावाऐवजी माणसाला मानला.

तरुणपणी मला त्यांचं हे बोलणं खटकायचं, कारण आमच्या भागाला गावाच्या स्वराज्याचा एक विलक्षण वारसा आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. जेमतेम सत्तर-बहात्तर गावांचं, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं संस्थान. १९३९ साली तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्यानं घटना जाहीर केली आणि कारभार प्रजेकडं दिला. गावानं पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, तिथून प्रतिनिधी वर. खालून वर चढत गेलेली सत्ता. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो प्रयोग तिथंच थांबला. वडील औंधची गोष्ट अशी सांगायचे की जणू घरातलं कुणी माणूस तरुणपणी गेलं.

पण आमच्या विहिरीच्या सोळा आण्यांत पलीकडच्या वस्तीचा, दलितांच्या घरांचा, एक पैसाही नव्हता. माझ्या वडिलांच्या लहानपणापर्यंत त्या बायका घागरी घेऊन थारोळ्यापासून लांब उभ्या राहायच्या आणि कुणीतरी वरून पाणी ओतील याची वाट बघायच्या. चौघा भावांनी एकमेकांना न्याय्य वाटणी दिली, स्टँप पेपर केला, साक्षीदार घेतले, आणि या बायकांचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. हे कळल्यावर बाबासाहेबांचं ते भाषण मला वेगळं वाचता आलं. सत्ता खाली आली म्हणजे ती शेवटच्या माणसापर्यंत गेलीच, असं नाही. मधे कुणीतरी ती आपल्या रानात वळवून घेतो. म्हणून वर कुणीतरी असावं लागतं, ज्याच्याकडं दाद मागता येईल. आणि वरचा शिरजोर झाला तर त्याला थांबवणारंही कुणी असावं लागतं. मला संघराज्य समजतं ते एवढंच, आणि ते मला मनापासून हवं आहे.

वरच्याची शिरजोरी आपण पाहिली आहे. १९७७ मध्ये दिल्लीत जनता पक्ष आला आणि नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घरी गेली. १९८० मध्ये इंदिराजी परतल्या आणि पुन्हा नऊ राज्यं. त्यात आपलं महाराष्ट्रातलं शरद पवारांचं सरकारही होतं. घटनेचं राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ दोन्ही वेळा तेच, हात फक्त वेगळे. हे थांबलं ते शेजारच्या कर्नाटकातल्या एका माणसाच्या खटल्यामुळं. एस. आर. बोम्मई यांचं सरकार १९८९ मध्ये बरखास्त झालं, आणि ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की बहुमत आहे की नाही ते राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरतं, आणि राष्ट्रपतींच्या अशा घोषणेची न्यायालय तपासणी करू शकतं. कलमाचा मजकूर आहे तसाच राहिला. पण ते वापरणाऱ्याला पूर्वी दहा वेळा विचार करावा लागत नव्हता, तो आता करावा लागतो.

मात्र दिल्लीनं घेतलं आणि राज्यांनी गमावलं, एवढीच ही कहाणी नाही. माझ्या सात-बाराकडं परत येते.

वारसा हा विषय सामाईक सूचीत आहे. १९५६ च्या केंद्राच्या कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्श्यातला वाटा दिला होता, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हिस्सेदार होता तो मुलगाच. संसदेनं तिथं हात घातला नाही. आधी हात घातला राज्यांनी. आंध्रनं ऐंशीच्या दशकात, तमिळनाडूनं १९८९ मध्ये, आणि महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला भावाइतकंच सहहिस्सेदार केलं. त्यात एक अट होती, मुलीचं लग्न त्या तारखेच्या आधी झालेलं नसावं. माझी मोठी चुलत बहीण १९९२ मध्ये उजवली होती. माझं शिक्षण चालू होतं. एकाच वाड्यात वाढलेल्या दोघी, एकीला कायद्यानं आत घेतलं, दुसरीला दाराबाहेर ठेवलं. पुढं २००५ मध्ये संसदेनं सगळ्या देशासाठी कायदा बदलला, लग्नाची ती अट गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलेला संशयही फेडला : हा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी बाप २००५ मध्ये हयात असायची गरज नाही. राज्यांनी पायवाट पाडली, केंद्रानं तिचा रस्ता केला, न्यायालयानं रस्त्यातला दगड काढला. सामाईक सूची म्हणजे केंद्राची घुसखोरी, असं मी वर्गात बरीच वर्षं शिकवत होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं शिक्षण आणि वनं राज्यांकडून काढून तिथं टाकली, हे उदाहरण तोंडपाठ होतं, आणि ते खरंच आहे. पण त्याच सूचीमुळं माझं नाव विहिरीला लागलं. तेव्हापासून मी दोन्ही सांगते.

रोजगार हमीचं तसंच. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडं अजून कालमापनाचं साधन आहे, ‘दुष्काळाच्या आधी’ आणि ‘दुष्काळानंतर’. आईनं खडी फोडलेली आहे. सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आठवत होती. कामाचा हक्क कायद्यानं द्यावा ही कल्पना वि. स. पागे यांची, तेही आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. महाराष्ट्रानं १९७७ मध्ये कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि त्यासाठी पैसा दिल्लीकडं मागितला नाही. पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पगारातून ती कपात व्हायची आणि ते आईला म्हणायचे, ‘तुझ्या खडीचे पैसे कापून घेतले बघ.’ मला हे वाक्य फार आवडतं. आपण कुणासाठी कर भरतो हे इतकं स्वच्छ कळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हीच कल्पना २००५ मध्ये सगळ्या देशाचा कायदा झाली. मजुरीचा खर्च केंद्रानं उचलला, राज्यावरचा भार हलका झाला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्या जागी दुसरा कायदा आणला : हमी १०० ऐवजी १२५ दिवसांची, पण खर्चात बहुतेक राज्यांचा वाटा ४० टक्के. पागेंच्या तालुक्यातून निघालेला विचार दिल्लीला गेला, मोठा झाला, आणि आता त्याचं बिल पुन्हा मुंबईकडं येतं आहे. काम किती काढायचं याचा निर्णय मात्र त्या बिलाबरोबर तेवढ्या प्रमाणात परत आलेला नाही. मला यातली हीच गोष्ट अन्यायाची वाटते. मोटरीचं वीजबिल चौघांनी भरायचं असेल, तर शेडची किल्लीही चौघांकडं असली पाहिजे.

वस्तू व सेवा करानं राज्यांनी आपापल्या मोटरी काढून एका शेडमध्ये एक मोठी मोटर बसवली. १ जुलै २०१७ ला मुंबईचे जकात नाके बंद झाले. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा गेल्या, ते चांगलंच झालं. पण महापालिकेचं स्वतःचं एक मोठं उत्पन्न गेलं आणि त्याऐवजी राज्याकडून दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढणारी भरपाई सुरू झाली. राज्यांनाही केंद्रानं पाच वर्षं भरपाईचं वचन दिलं होतं, १४ टक्के वाढ गृहीत धरून. करोनाच्या वर्षी ती द्यायला पैसे नव्हते, म्हणून कर्ज काढावं लागलं, आणि ते कुणी काढायचं यावरून कितीतरी आठवडे वाद चालला. या कराचे निर्णय घेणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला टाळून काही होत नाही, आणि एकट्या केंद्रालाही काही करता येत नाही. महाराष्ट्राचं मत आणि सिक्कीमचं मत सारखंच. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, मन वळवण्याइतपत आहेत. चिंचेखाली बसून ठरवायचं, असंच ते म्हणालं, असं मला वाचताना वाटलं.

पाण्याचं तर विचारूच नका. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ मध्ये न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. फेरविचार ३१ मे २००० नंतर. कागदावर ५६० मिळाले म्हणून पाणी रानात आलं नाही. अडवलं तरच ते आपलं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राची धावपळ उडाली, १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, कर्जरोखे काढले, धरणांचे आणि उपसा योजनांचे नारळ फुटले. आमचा तालुका कृष्णेपासून लांब आणि उंच. टेंभू उपसा योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आणायचं होतं. आणि इथं दुसरा प्रश्न उभा राहिला : राज्याच्या ५६० मधले आटपाडीचे किती? हा प्रश्न कुठल्याच लवादापुढं नव्हता. तो पाण्याच्या चळवळीतल्या नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांत विचारला. दुष्काळी तेरा तालुक्यांतली माणसं ट्रकमधून यायची. वडील मला एकदा घेऊन गेले होते. मांडवाच्या कडेला उन्हात बसून मी ‘समन्यायी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

दिल्लीकडं वाटा मागताना महाराष्ट्राचा आवाज मोठा असतो, आणि तो असावा. पण तोच महाराष्ट्र खाली वाटा देताना काय करतो? एके काळी आपण या बाबतीत देशाच्या पुढं होतो. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा शाळा, दवाखाने, रस्ते, सगळं तिथं आलं होतं. वडिलांची नेमणूक जिल्हा परिषदेची, बदलीचं गाऱ्हाणं जिल्हा परिषदेत, अध्यक्ष रस्त्यात भेटायचे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, २९ विषयांची यादी घटनेत आली, पण कोणता विषय किती द्यायचा ते राज्यावर सोडलं. माझी काकी आरक्षणातून सरपंच झाली. त्या पाच वर्षांतला तिचा निम्मा वेळ तालुक्याच्या एका कार्यालयात फायली हलवण्यात गेला, कारण गावाचे पैसे कशावर खर्च करायचे याचं शीर्षक वरून ठरून यायचं. स्मशानशेडसाठी पैसे होते, तिला मुलींच्या शाळेला भिंत हवी होती.

आणि नंतर तर निवडणुकाच होईनात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. आमच्या जिल्हा परिषदेवरही २०२२ पासून प्रशासक होता. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं घटना सांगते. आरक्षणाचा खटला होता, प्रभागरचनेचा वाद होता, सगळं मान्य. पण विधानसभेची निवडणूक एवढी लांबली असती तर आपण गप्प बसलो असतो का? चार वर्षं गावातल्या माणसानं गाऱ्हाणं घेऊन जायचं ते बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याकडं, आणि या गोष्टीचा राग मला राज्यातल्या कुठल्याच पक्षाच्या बोलण्यात पुरेसा दिसला नाही. मला तो येतो. थोरल्या आजोबांच्या शेडसमोर किल्लीची वाट बघत उभं राहिलेल्यांची मी नात आहे.

गेल्या मार्गशीर्षात गावी गेले होते. डाळिंबाच्या बागेला टेंभूचं पाणी आलं, तरी विहीर अजून चालते. चुलत भावानं आता मोबाईलवरचा स्टार्टर बसवला आहे. पेटीत सिमकार्ड. नोंदवलेल्या नंबरवरून फोन गेला तरच मोटर चालू होते. शेड मोडून पडली, कुलूप गेलं. नंबर पाचच बसतात. चार हिश्श्यांचे चार झाले, पाचवा कुणाचा यावर घोळ चालला होता. भाऊ म्हणाला, ‘तुझा घालू. तुझंबी नाव आहे की सात-बाऱ्याला.’

मी काही बोलायच्या आत वहिनी मागून आली. हातात खोरं, पाय चिखलानं भरलेले. रात्रीच्या लाईटला दारं तीच धरते, गेली वीस वर्षं. तिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. बटण दाबायला नवऱ्याला उठवायचं, तो उठेपर्यंत थांबायचं, नाहीतर अंधारात विहिरीपर्यंत चालत जायचं, अशी तिची वीस वर्षं.

‘आक्का,’ ती म्हणाली, ‘तुम्ही पुण्यास्नं कशाला मोटर चालू करताय? माझा घाला.’

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला नंबर सांगितला, वहिनीचा. त्यानं तो पेटीत भरला. वहिनीनं तिथंच बांधावर खोरं टेकवलं, पदराला हात पुसला आणि फोन लावला. दोन रिंगा गेल्या. मग खाली विहिरीत मोटरनं पाणी धरल्याचा आवाज आला, आणि ती पाट बघायला निघून गेली.